बँड सोडून स्वतःच्या नावानं गायचं: पीटर गॅब्रिएल कुठून ऐकायला घेऊ?

उद्यमनगर_गिटार:

नमस्कार मंडळी. आमचा बँड कोल्हापूरचाच. कॉलेजच्या गॅदरिंगमधून सुरू झाला, पुढं शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात वाजवलं, आणि नोकऱ्या लागल्यावरही टिकला. उद्यमनगरात ड्रमरच्या काकांचं शेड आहे. पुढं लेथ, मागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस. रविवारी वर्कशॉप बंद असतं, त्यामुळं आवाजाची कुणाची तक्रार येत नाही. मी गातो, गिटार वाजवतो आणि गाण्यांचे शब्द माझे असतात. चाली मात्र चौघांच्या मिळून.

अलीकडं माझ्याकडं अशी गाणी साठत चाललीत की जी या चौघांत बसत नाहीत. काहींत ड्रम नकोतच असं वाटतं. एक गाणं आजीच्या जात्यावरच्या ओवीच्या सुरावर आहे. ते मी प्रॅक्टिसला नेलं आणि दोन तासांत ते आमच्या इतर गाण्यांसारखंच वाजायला लागलं. यात कुणाचं काही चुकत नाही. तिघंही जीव ओतून वाजवतात, म्हणून तर त्यांच्यापाशी विषय काढताना जीभ अडखळते.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, आधी पीटर गॅब्रिएल हा इंग्लिश गायक ऐक. बँडमधून बाहेर पडून त्यानं काय केलं ते बघ, मग ठरव. त्याचं 'सॉल्सबरी हिल' हे गाणं ऐकलं आणि तेव्हापासून तेच चालू आहे. पाय आपोआप ठेका धरतो, पण मोजायला गेलं की एक मात्रा हातातून निसटते. तो जेनेसिस या त्याच्या बँडमधून का बाहेर पडला? पडल्यावर लगेच जमलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या मित्रांशी त्याचं नातं राहिलं का? कुणी नीट ऐकलेलं असेल तर सविस्तर लिहा. वाचायला वेळ आहे.

---

साउंडचेक_शाहूपुरी:

भावा, सविस्तरच लिहितो. मी कार्यक्रमांना साउंड करतो. ऑर्केस्ट्रा, नाटकं, गणपतीतले स्टेज शो. या माणसाच्या रेकॉर्डनी माझे कान घडवलेत, तेव्हा माझं बोलणं जरा डेस्कच्या, म्हणजे मिक्सरच्या, बाजूनं येईल.

जेनेसिस म्हणजे शाळेतली पोरं. सरे परगण्यातल्या चार्टरहाऊस नावाच्या जुन्या निवासी शाळेत गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स एकत्र आले, साल १९६७. ड्रमर फिल कॉलिन्स १९७० साली आला, गिटारवाला स्टीव्ह हॅकेट त्यानंतर. हे लक्षात ठेव, कारण पुढं कॉलिन्स परत परत येणार आहे. गाणी लांबलचक, दहा-वीस मिनिटांची. वाजवणारे खाली मान घालून बसलेले आणि गॅब्रिएल पुढं मुखवटे लावून उभा. कधी कोल्ह्याचं डोकं आणि बायकोचा लाल झगा, कधी डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या. वर्तमानपत्रांत फोटो त्याचेच छापून यायचे, आणि लोकांना वाटायचं बँड म्हणजे हाच. चाली मात्र सगळ्यांच्या असायच्या. तुझ्याकडं आहे तसंच.

१९७४ च्या 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या दुहेरी अल्बमला ताण वाढला. गॅब्रिएलनं हट्टानं जवळजवळ सगळे शब्द एकट्यानं लिहायला घेतले, आणि बाकीचे दुसऱ्या खोलीत संगीत करत राहिले. त्याच काळात त्याच्या पहिल्या मुलीचा जन्म झाला, तोही फार अवघड परिस्थितीत, आणि त्याची ओढाताण सुरू झाली. त्यात विल्यम फ्रीडकिन या हॉलिवूडच्या दिग्दर्शकानं त्याला सोबत काम करायला बोलावलं. तो गेला, परत आला, पण गाठ एकदा सैल झाली ती झालीच. दौरा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १९७४ मध्ये क्लीव्हलंडला त्यानं सांगितलं की मी निघतोय.

आता यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ऐक. सांगितल्यावर तो निघून गेला नाही. ठरलेला दौरा १९७५ च्या मे महिन्यापर्यंत त्यानं पूर्ण केला. रोज रात्री तोच अख्खा अल्बम, तेच जड पोशाख. बाहेर बातमी नंतर, ऑगस्टमध्ये गेली. निघायचं ठरवून मनात सहा महिने दाबून ठेवणं आणि आधी सांगून मग सहा महिने इमानदारीत वाजवणं, यात फार फरक आहे. तू विचारलंस नातं राहिलं का, त्याची मुळं मला तिथंच दिसतात.

लगेच जमलं का? नाही. आधी तो घरी बसला. बायको, मुलगी, परसात भाजीपाला. पहिला अल्बम थेट १९७७ साली. निर्माता बॉब एझ्रिन, मोठमोठ्या रॉक रेकॉर्डवर हात बसलेला माणूस. 'सॉल्सबरी हिल' त्यावरचंच. बाथ शहराजवळ ती टेकडी खरोखर आहे, आणि गाणं बँड सोडण्याच्या निर्णयाबद्दलच आहे. ब्रिटनमध्ये ते तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण याच अल्बममधलं 'हिअर कम्स द फ्लड' तुझ्या कामाचं आहे. अल्बमवर त्याला प्रचंड रॉक साज चढवलाय, गिटार, ड्रम, सगळं अंगावर येतं. गॅब्रिएलला ते पटलेलं नव्हतं. पुढं रॉबर्ट फ्रिप या गिटारवाल्याच्या १९७९ च्या 'एक्सपोजर' या रेकॉर्डवर तेच गाणं त्यानं जवळजवळ उघडं, शांत असं पुन्हा गायलं. आणि १९९० मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह काढला तेव्हा नुसत्या पियानोवर आणखी एकदा. तिन्ही लागोपाठ ऐक. तुझं ओवीचं गाणं प्रॅक्टिसला नेल्यावर जे होतं ते इथं कानानं कळेल. तेही बँड सोडल्यानंतर झालेलं! म्हणजे तुझ्या गाण्याला तुझ्या मित्रांमुळंच धोका आहे असं समजू नकोस. स्टुडिओत, पगारी वादकांसोबत, नावाजलेल्या निर्मात्याच्या हाताखालीही गाण्याचं तेच होऊ शकतं. काय नको हे ठरवायला लागतं, मग तू बँडमध्ये अस नाहीतर एकटा.

दुसरा अल्बम १९७८ चा, फ्रिपनं केलेला, कोरडा, खडबडीत. मला आवडतो, पण तू तो नंतर ऐकलास तरी चालेल.

तिसरा, १९८०. इथं थांबायचं आणि हेडफोन लावायचे. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, रेकॉर्डिंग इंजिनिअर ह्यू पॅजम. गॅब्रिएलनं ड्रमवाल्यांना सांगितलं, झांजा काढून ठेवा. अख्ख्या अल्बमवर सिंबल नाही. ड्रम वाजवायला आलेल्यांत एक कोण, तर फिल कॉलिन्स. जुन्या बँडचा ड्रमर, जो गॅब्रिएल गेल्यावर जेनेसिसचा गायक झाला होता, तो याच्या सोलो रेकॉर्डवर वाजवायला आला.

लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत एसएसएल कंपनीचं नवं डेस्क होतं. आत वाजवणाऱ्यांचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून खोलीत एक माइक टांगलेला असायचा, आणि कुणी हळू बोलो की मोठ्यानं, सारखंच ऐकू यावं म्हणून त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर. कॉलिन्स वाजवत असताना पॅजमनं ते बटण दाबलं आणि ड्रमचा आवाज भिंत कोसळावी तसा आला. डेस्कची वायरिंग बदलून तो माइक टेपवर घेतला गेला. वर नॉइज गेट लावलं, म्हणजे खोलीचा मोठा आवाज घुमतो आणि विरायच्या आत कापला जातो. पहिलंच गाणं 'इंट्रूडर' लाव, सुरुवातीलाच कळेल. १९८१ साली कॉलिन्सनं स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये तोच आवाज नेला, आणि पुढची दहा वर्षं जगभर सगळ्यांनी नेला.

सिंबल का नको होते याचं कारणही यातच आहे. एवढा कॉम्प्रेसर लावल्यावर सिंबलची शीळ सगळ्यावर पसरते आणि ड्रम बुडतात. पण त्यापलीकडं, सिंबल गेले की वरची सगळी जागा मोकळी होते. तिथं आवाज बसतो, सिंथ बसतो, श्वास ऐकू येतात. फेअरलाइट नावाचं, खरे आवाज साठवून पट्ट्यांवर वाजवता येणारं यंत्र ब्रिटनमध्ये सुरुवातीला ज्यांनी वापरलं त्यांत हा होता. ही मोकळी जागा त्यानं त्या आवाजांना दिली. याच अल्बमवर 'बिको' आहे, दक्षिण आफ्रिकेत १९७७ साली पोलीस कोठडीत जीव गेलेल्या स्टीव्ह बिकोबद्दल. सात मिनिटं, जवळजवळ एकाच ढोलावर उभं. बँडच्या चौकटीत हे गाणं झालं असतं असं मला वाटत नाही.

अटलांटिक या अमेरिकन कंपनीनं हा अल्बम काढायलाच नकार दिला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

---

ठेका_मंगळवारपेठ:

साउंडवाल्या दादांनी एवढं सुंदर लिहिलंय, मी फक्त मात्रांबद्दल बोलतो, तबला शिकवतो म्हणून. 'सॉल्सबरी हिल' बहुतेक सात मात्रांत आहे, ध्रुवपदाच्या शेवटी चार-चारची दोन आवर्तनं येतात. तुमची एक मात्रा निसटते कारण तुम्ही आठ धरता. आपल्या रूपकातही सातच मात्रा, तीन-दोन-दोन, पण रूपक त्यावर लावून बघू नका, वजन वेगळीकडं पडतं. त्या गाण्यात पायाचा ठोका प्रत्येक मात्रेवर सरळ चालू राहतो आणि गिटारची ओळ सातला वळते. ठोका सरळ असल्यामुळं ऐकणाऱ्याला अडखळल्यासारखं होत नाही. हातानं टाळी देत एक ते सात मोठ्यानं म्हणा, आठ म्हणायची इच्छा दाबा. एका संध्याकाळी बसेल.

आणि गाता गाता गिटार वाजवणार असाल तर आधी नुसता ठेका तोंडानं म्हणत गिटार वाजवा. शब्द शेवटी.

---

पद_आणि_पेटी:

बाळा, मला इंग्रजी गाण्यांतलं फार कळत नाही. माझा नातू ही पानं वाचतो, त्यानं मला तुझा प्रश्न वाचून दाखवला. पण मंडळी सोडून स्वतःचं काही उभं करण्याची गोष्ट कोल्हापूरकरांना नवी नाही, म्हणून लिहिते.

केशवराव भोसले आपल्या कोल्हापूरचे. लहानपणापासून स्वदेशहितचिंतक मंडळीत गात होते. तिथून बाहेर पडून १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. बालगंधर्वांनी १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्यासोबत दोन भागीदार होते, गणपतराव बोडस आणि आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे.

तू टेंबे वाच. हा माणूस पेटीवाला. साथीचं वाद्य घेऊन बसणारा. अल्लादिया खाँसाहेब, भास्करबुवा बखले यांच्या सहवासात कान तयार झालेले. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. भागीदार म्हणून गंधर्व मंडळीत गेले, मग तीही सोडून स्वतःची शिवराज मंडळी काढली. आणि १९३२ साली प्रभातनं इथं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला त्यात हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. साथीला बसलेला माणूस पडद्यावर राजा होऊन गायला! केवढा प्रवास आहे बघ.

तू विचारलंस ना, नातं राहतं का. बालगंधर्व आणि केशवराव दोघांच्या मंडळ्या एकमेकींच्या समोर उभ्या असलेल्या. रसिकांचे दोन तट. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. चाली कुणाच्या, तर टेंब्यांच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. ती रात्र झाली नसती तर पुढं कधीच झाली नसती.

२०२४ साली केशवरावांच्या नावाच्या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. गावात गाणाऱ्याचं स्थान काय असतं ते तेव्हा दिसलं. तू गा. पण मित्रांना आधी सांग, दुसऱ्याकडून त्यांना कळू देऊ नकोस.

---

उद्यमनगर_गिटार:

काकू, टेंब्यांचं मला काहीच माहीत नव्हतं. 'मानापमान'मधली पदं आजोबा गुणगुणायचे, त्या चाली आपल्या गावच्या माणसाच्या, हे आज कळलं. दादा, तिसरा अल्बम ऐकतोय. 'इंट्रूडर'च्या पहिल्या ठोक्याला खुर्चीतून उठलो. ड्रमरला पाठवलंय, तो गप्प आहे. म्हणजे ऐकतोय.

एक विचारायचं राहिलं. पूर्ण सोडायलाच हवं का? कॉलिन्स तर बँडमध्ये राहूनच सोलो झाला ना?

---

कृष्णाकाठ_बास:

सांगलीचा आहे, पण कोल्हापूरच्या धाग्यावर लिहायची परवानगी असावी. कॉलिन्सबद्दल माझं स्पष्ट मत आहे, आणि ते साउंडवाल्या दादांपेक्षा थोडं वेगळं.

गॅब्रिएल गेल्यावर जेनेसिसनं कितीतरी गायक ऐकले, शेवटी ड्रमरच गायला लागला. १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ऐका. बँड मोडला नाही, उलट सुटला. हे कुणी सांगत नाही. एक जण बाहेर पडतो तेव्हा मागं राहिलेल्यांनाही आपल्यात काय आहे ते कळतं. कॉलिन्सनं १९८१ पासून स्वतःचे अल्बम काढले आणि बँडही चालू ठेवला. त्यामुळं तो मार्ग आहे, नक्की आहे. पण त्याची एक किंमत मला ऐकू येते. हळूहळू त्याचे सोलो आणि जेनेसिस एकमेकांसारखे व्हायला लागले. तुमची ओवी जिथं हरवते तिथंच पुन्हा हरवेल. मी बास वाजवतो, मला बँड प्रिय आहे, तरी सांगतो: तुमच्या त्या गाण्यांसाठी वेगळी खोली, वेगळी माणसं लागतील. बँड ठेवायचा की नाही हा त्यानंतरचा प्रश्न.

१९८६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत जेनेसिसचं 'इनव्हिजिबल टच' पहिल्या क्रमांकावर होतं. त्याला खाली खेचून वर कोण आलं? गॅब्रिएलचं 'स्लेजहॅमर'. त्याच्या बासवर टोनी लेव्हिन, पहिल्या सोलो अल्बमपासून सोबत असलेला. बासवाल्यांनी ते गाणं रोज एकदा ऐकावं.

---

साउंडचेक_शाहूपुरी:

काकूंनी 'संयुक्त मानापमान'चं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, कारण मी नेमकं त्याच्या जोडीचं लिहायला बसलो होतो.

चौथा अल्बम १९८२ चा. पहिल्या चारही अल्बमना त्यानं नाव दिलं नव्हतं, फक्त 'पीटर गॅब्रिएल'. चौथ्यावर अमेरिकेतल्या कंपनीनं 'सिक्युरिटी' असं स्टिकर लावलं. तिसरा आणि चौथा त्यानं जर्मन भाषेतही गाऊन काढले, हे मुद्दाम सांगतो कारण तू मराठीत गातोस. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाला दुसऱ्या भाषेतल्या श्रोत्यासाठी सगळं परत गावंसं वाटलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये शेप्टन मॅलेटला त्यानं आणि सोबत्यांनी वोमॅड हा महोत्सव भरवला. बुरुंडीचे ढोलवादक आणि इंग्लंडचे तरुण रॉक बँड एकाच मैदानावर. संगीताच्या दृष्टीनं डोळे दिपवणारं, पैशाच्या दृष्टीनं बुडवणारं. कर्ज एवढं झालं की त्याला धमक्या यायला लागल्या. हे जुन्या मित्रांना कळलं. २ ऑक्टोबर १९८२ ला मिल्टन कीन्सच्या मैदानावर, भर पावसात, जेनेसिस आणि गॅब्रिएल एका रात्रीपुरते एकत्र आले. वोमॅडचं देणं फेडायला. सात वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसासाठी. त्याला शवपेटीत घालून स्टेजवर आणलं, त्यातून उठून तो गायला लागला. हॅकेटही शेवटच्या गाण्यांना धावत पोहोचला. भावा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

वोमॅड वाचला म्हणून पुढचं सगळं झालं. १९८५ साली त्याच महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ गायले आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना ते पहिल्यांदा समोरासमोर भेटले. गॅब्रिएलनं 'सो' या अल्बमच्या यशानंतर विल्टशरमधल्या बॉक्स या गावी जुन्या पाणचक्कीत रिअल वर्ल्ड स्टुडिओ उभा केला, १९८९ पासून त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी. नुसरतसाहेबांचा 'मस्त मस्त' तिथलाच, १९९०. गॅब्रिएलचा १९८९ चा 'पॅशन' लाव. चित्रपटाचं संगीत आहे, गाणं म्हणावं असं फारसं नाही, पण त्यात एल. शंकर यांचं दुहेरी व्हायोलिन आहे आणि नुसरतसाहेबांचा आवाज आहे. तुझ्या ओवीसाठी मी हाच अल्बम पुढं करेन. बाहेरच्या सुराभोवती साज कसा उभा करायचा, आणि त्या सुराला पाश्चात्त्य कॉर्डमध्ये कोंबायचं कसं नाही, हे त्यात दिसतं. खाली एक लांब धरलेला सूर, मधली पट्टी मोकळी, आणि वर आवाज. आजीचा सूर तुझ्या गिटारच्या पडद्यांत तंतोतंत बसणार नाही. बसवू नकोस. गिटार कमी वाजव.

दिल्लीला तो आलेलाही आहे. ३० सप्टेंबर १९८८, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, मानवी हक्कांसाठीचा ॲम्नेस्टीचा जागतिक दौरा. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, यूसू एनदूर आणि हा.

'सो'बद्दल मुद्दाम थोडक्यात. डॅनिएल लानुआसोबत केलेला, सगळ्यात गाजलेला, 'स्लेजहॅमर'च्या व्हिडिओला १९८७ साली एमटीव्हीचे नऊ पुरस्कार. तो तुला सगळीकडं भेटेल, माझी गरज नाही. त्यानंतर वेग मंदावला. १९९२ ला 'अस', २००२ ला 'अप', आणि स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम 'आय-ओ' थेट डिसेंबर २०२३. एकवीस वर्षं! त्यातली गाणी त्यानं वर्षभर पौर्णिमेच्या हिशेबानं एकेक करून बाहेर सोडली, आणि प्रत्येकाचे दोन मिक्स, एक उजळ, एक गडद, दोन वेगळ्या इंजिनिअरांचे. साउंडच्या माणसाला यापेक्षा मोठी शाळा मिळणार नाही. बासवर तेव्हाही टोनी लेव्हिनच.

कृष्णाकाठ, कॉलिन्सबद्दल तुमचं पटलं. एक जोडतो. गॅब्रिएलच्या नावावर एकट्याचा शिक्का आहे, पण लेव्हिन, गिटारवाला डेव्हिड रोड्स, फ्रिप, गायिका केट बुशचा आवाज, हे सगळे कायम आजूबाजूला आहेत. तो बँडमधून गेला, माणसांतून गेला नाही.

---

उद्यमनगर_गिटार:

काल प्रॅक्टिसच्या आधीच तिघांना सांगितलं. चहा घेताना, वाद्यं काढायच्या आत. बासवाला बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की आधीच्या तीन तारखा घेतल्यात त्या वाजवायच्या का? म्हटलं, सगळ्या वाजवायच्या. ड्रमरनं त्यावर उत्तर न देता सिंबलचे स्टँड उचलून भिंतीला लावले आणि म्हणाला, ते तुझं ओवीचं एकदा काढ.

आम्ही ते नुसत्या फ्लोअर टॉमवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, आणि माझ्या आवाजावर केलं. दादा, फोनवर रेकॉर्ड केलंय, पण शेडचा पत्रा फार वाजतो. तो 'इंट्रूडर'सारखा कापता येईल का? आमच्याकडं चार इनपुटचा इंटरफेस आहे, माइक तीन.

---

साउंडचेक_शाहूपुरी:

येईल. एक माइक टॉमच्या अगदी जवळ, एक तुझ्या तोंडापुढं, आणि तिसरा खोलीत, ड्रमपासून दहा-बारा फूट लांब, पत्र्याकडं पाठ करून. तुझा आवाज आणि ड्रम एकाच वेळी घेऊ नकोस, नाहीतर खोलीच्या माइकवर तुझा आवाजही चिरडला जाईल. आधी ड्रम घ्या, ओवी नंतर.

खोलीच्या माइकवर कॉम्प्रेसर लाव, रेशो दहाला एक किंवा त्याहून वर, सुई सतत खाली राहील एवढा. त्यानंतर गेट, आणि ते गेट उघडण्याचा इशारा जवळच्या माइककडून घे, खोलीच्या माइककडून नको. सॉफ्टवेअरमध्ये साइडचेन नावाची सोय असते ती हीच. ठोका पडला की गेट उघडेल, अडीचशे मिलिसेकंद धरून ठेवेल आणि बंद होईल. गाण्याची लय संथ असेल तर तीनशे करून बघ. बंद होणं ऐकू यायला हवं, हळूच विरलं तर मजा जाते.

पत्र्याचा जो टणटण आवाज येतोय तो साधारण एका पट्टीत असतो. इक्वलायझरमध्ये एक बारीक पट्टी वर उचलून इकडून तिकडं फिरव. जिथं कान दुखेल तिथं ती खाली दाब. त्याआधी पत्र्याखाली दोन जुन्या गाद्या उभ्या करा, निम्मं काम तिथंच होईल. रविवारी शाहूपुरीत माझा कार्यक्रम दुपारीच संपतो. डायनॅमिक माइकची जोडी आणि उंच स्टँड घेऊन येतो, काकांना शेडची किल्ली ठेवायला सांग.